अकरावा जोड

१

चर्चच्या हॉलमधून दहा जोड जुने बूट चोरीला गेले, हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. त्यामुळे पहिला संशयितही मीच ठरलो. आमच्या बेटावर जो बोंब मारतो तोच चोर, असं साधं गणित आहे. तपासाचा वेळ वाचतो.

वादळाला सहा आठवडे झाले होते. मोठ्या किनाऱ्यावरची चर्चमंडळी दर मंगळवारी बोटीने मदत पाठवायची. ती उतरवून घ्यायची, हॉलमध्ये रचायची आणि तिची यादी करायची हे माझं काम. सगळे मला यादीवाला म्हणतात. पीठ, ताडपत्री, औषधं यायचीच. पण देणाऱ्याचं मन मोठं असतं आणि कपाटही मोठं असतं. त्यामुळे माझ्या यादीत बर्फात घालायचे अठ्ठावीस जाड कोटही होते. आमच्याकडे बर्फ फक्त मासळीवर पडतो. एक नवरीचा पांढरा झगा होता. चाकांचे बूट चार जोड होते. आणि दाताच्या डॉक्टरची एक अख्खी खुर्ची होती, मागे आडवी होणारी. बेटावर दाताचा डॉक्टर नाही. खरं तर आता फारसं काहीच नाही.

ह्या मंगळवारी एक जास्तीचा निळा खोका आला. बोटवाल्याने सांगितलं, शेजारच्या बेटावरच्या चर्चने दिलाय. मदतीच्या कुठल्यातरी बोटीतून पडून तो त्यांच्या किनाऱ्याला लागला होता. आत बूट. वापरलेले, पण धुतलेले, वाळवलेले, काळं पॉलिश केलेले, आणि जोडीजोडीने नाड्या बांधून ठेवलेले. मी मोजले: दहा जोड. बहुतेक बायकांच्या मापाचे.

मदत समितीचे प्रमुख मुकादमकाका. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि मला पाणी आणायला सांगितलं. पाणी प्यायले आणि म्हणाले, “दमट वाटतायत. आज नको, उद्या वाटू. यातले कुणाला दिले नाहीस ना अजून?”

“नाही काका.”

मला तर बूट खडखडीत वाटले होते. पण समितीचा प्रमुख दमट म्हणाला की यादीत दमट लिहायचं.

बुधवारी सकाळी मी हॉल उघडला. बूटही नव्हते आणि खोकाही नव्हता. शेजारीच याहून चांगले साठ जोड बूट रांगेत उभे होते, त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. दाराचं कुलूप मी आदल्या संध्याकाळी लावलं होतं तसंच होतं.

किल्ल्या तीन. एक मावशीकडे, एक मुकादमकाकांकडे. तिसरी माझ्या खिशात होती आणि सगळे माझ्या खिशाकडेच बघत होते.

२

गुरुवारी तपास सिस्टरने हाती घेतला. बेटाची चौकी वादळात गेली होती, आणि हवालदार स्वतःच ताडपत्रीच्या रांगेत उभा होता. सिस्टर मोठ्या किनाऱ्यावरून मदतीबरोबर आलेली. वय पन्नाशीचं, बांधा लहान, आवाज मोठा. पायघोळ झग्यात ती चालताना पाय दिसायचे नाहीत. हॉलभर सरकत असल्यासारखी वाटायची.

चौकशीसाठी तिने दाताच्या डॉक्टरची खुर्ची निवडली.

“बस.”

“सिस्टर, दुसरी खुर्ची आहे.”

“ह्या खुर्चीत माणूस आडवा झाला की तोंड आपोआप उघडतं. बस.”

मी आडवा झालो. वर छताला अजून भोक होतं आणि त्यातून ढग जात होते.

“बूट तू घेतलेस?”

“नाही.”

“कुणी घेतले असतील?”

“ज्याला वीस पाय आहेत त्याने.”

ती हसली नाही. “विनोद फार करतोस. घरी कोण असतं?”

“बाबा.”

“ते हसतात?”

“ते बोलत नाहीत.”

“मुके आहेत?”

“नाही. माझ्याशी बोलत नाहीत.”

मग त्या खुर्चीत जे व्हायचं तेच झालं. मी सगळं सांगून बसलो. माझी आई मासळी साफ करायच्या शेडमध्ये कामाला होती. शेड बेटाच्या खालच्या टोकाला, समुद्राला लागून. वादळाच्या दिवशी मुकादमकाकांनी दोन वाजता सगळ्या बायकांना घरी सोडलं. वाट पाऊण तासाची आणि पाणी चढलं चारला. तरी एकही घरी पोचली नाही. एकही मिळाली नाही. शेडच्या जागी आता सिमेंटचे चार खांब आहेत.

“मग दोन तास होत्या कुठे?”

“अकरा बायका, अकरा घरं, अकरा कारणं. एकीची बकरी बाहेर बांधलेली होती. एक पोरांना आणायला शाळेकडे वळली असेल. एकीची सासू आजारी.” मी छताकडे बघत राहिलो. “आणि मी सकाळी आईला सांगून गेलो होतो, की दीपगृहावर लाटा बघायला चाललोय. मजा म्हणून. मी वर सुखरूप होतो. तिसऱ्या दिवशी बाबा एवढंच म्हणाले, ‘तुला शोधायला गेली असेल.’ त्यानंतर काही नाही बोलले.”

सिस्टरने खुर्ची सरळ केली. सांत्वनाला लागली नाही, ते बरं झालं. फादर रोज म्हणायचे, ‘देव बघतोय.’ मीही लाटा बघतच होतो. नुसतं बघण्याने काय होतं ते मला ठाऊक आहे.

मग मावशी आली. ही सगळ्या बेटाची मावशी. मदतछावणीचं जेवण तीच रांधते. खुर्चीत बसायच्या आधीच ती रडायला लागली.

“घेतला मी! घेतला! मला पाप लागू दे!”

“काय घेतलं?”

“नवरीचा झगा!”

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी यादी पाहिली. झगा खरंच नव्हता.

“कशाला?”

“मच्छरदाणी केली. तिघी नाती झोपतात आत.” मावशीने डोळे पुसले. “छान झालीये. झालरीमुळे डास गोंधळतात.”

“आणि बूट?”

“माझ्या गुडघ्यांकडे बघ, बाई. मला चपला घालताना दोन माणसं लागतात. बूट घेऊन काय करू, चावू?”

सिस्टरने झगा यादीतून काढायला सांगितलं. तेवढ्यात दारात मुकादमकाका उभे दिसले. ते म्हणाले, “मला का नाही बोलावलं अजून? माझ्याकडेही किल्ली आहे.”

३

मुकादमकाका म्हणजे बेटावरचा सरळ माणूस. वादळानंतर त्यांनी एक दिवस सुट्टी घेतली नव्हती. ढिगारे उपसले, विहीर स्वच्छ केली, अकराच्या अकरा घरी जाऊन बसून आले. त्यांचं वजन अर्धं झालं होतं आणि मान दुप्पट. मान म्हणजे आदर. त्यांची स्वतःची मान खालीच असायची.

खुर्चीत ते आडवे होईनात. कडेला ताठ बसले.

“वस्तू गेली कशी, मुकादमसाहेब? तुम्ही एवढे शिस्तीचे.”

“ढिलाई,” ते म्हणाले. “पोरगं चांगलं आहे, पण लक्ष नाही. माझ्या शेडमध्ये असं चाललं नसतं. वीस वर्षं सांभाळली. बायका आल्या की आपले बूट उतरवायच्या, शेडचे गमबूट घालायच्या. सुटताना गमबूट खुंटीला, मगच बाहेर. वीस वर्षांत एक गमबूट दाराबाहेर गेला नाही. कारण दारात मी असायचो.”

“रोज?”

“रोज. त्या दिवशीसुद्धा. वादळ येत होतं, तरी गमबुटांचे अकराही जोड खुंट्यांवर लागलेले बघितले, मग कडी घातली.”

सिस्टर पुढे झुकली. “मग त्या आपापले बूट घालून घरी निघाल्या.”

“निघाल्या,” मुकादमकाका म्हणाले. “दोन वाजता.”

मी खाली बघत होतो. माझ्या मनात दीपगृहाचा जिना होता. एकशे बारा पायऱ्या. आई गुडघेदुखीची. ती खालूनच हाका मारत उभी असेल, आणि वाऱ्यात मला ऐकू आलं नसेल. हे चित्र मी सहा आठवडे रोज बघत होतो. त्यात दर वेळी नवीन काहीतरी दिसायचं. कधी तिची छत्री दिसायची.

“एक विचारायचं राहिलं,” सिस्टर म्हणाली. “चोराने खोका का नेला? गोणीत बूट भरले असते तर ओझं अर्धं झालं असतं.”

“चोराची अक्कल,” मुकादमकाका उठत म्हणाले. “चोराला काय माहीत.”

“तेच मला वाटतंय,” सिस्टर म्हणाली. “चोराला काहीतरी माहीत आहे.”

४

बोटवाला धक्क्यावर सापडला. त्याच्याकडे किल्ली नव्हती, पण तो हॉलच्या व्हरांड्यात झोपायचा. सिस्टरला बघून त्याने पाण्याचं पिंप ओढायचं थांबवलं. पिंप एका फळीवर होतं आणि फळीखाली चाकांचे बूट ठोकलेले होते. चारही जोड.

“सिस्टर, हे मी सांगणारच होतो.”

“कधी?”

“वेळ बघून.”

“यादीवाल्या, चाकांचे बूट चार जोड खोड.”

मी खोडले. ह्या गतीने तपास चालला असता तर संध्याकाळपर्यंत यादीत फक्त बर्फाचे कोट उरले असते.

बोटवाल्याने रात्री कुणाला पाहिलं नव्हतं. त्याची झोप बेटावर प्रसिद्ध आहे. वादळातही त्याला हलवून उठवावं लागलं होतं. पण खोक्याबद्दल सिस्टरने खोदून विचारलं तेव्हा तो खिसे चाचपायला लागला.

“चिठ्ठी होती हो त्याच्याबरोबर. द्यायची राहिली. तंबाखू बांधली होती तिच्यात.”

चिठ्ठी तपकिरी झाली होती आणि तिला वास येत होता. मी मोठ्याने वाचली.

“‘प्रिय बंधूंनो, तुमच्यासाठी निघालेला एक खोका वाट चुकून आमच्या किनाऱ्याला लागला. झाकण घट्ट होतं, तरी पाणी आत गेलं होतं. आमच्या भगिनींनी बूट गोड्या पाण्याने धुतले, आठ दिवस उन्हात वाळवले, पॉलिश केले. एकाचा टाका सैल आहे, पण आमच्याकडे शिवणारं कुणी नाही, क्षमस्व. एकूण अकरा जोड. ज्यांच्या पायांत जातील त्यांना देव सुखाने चालवो.’”

अकरा. हा आकडा आमच्या बेटावर कुणी उच्चारला की माणसं क्षणभर गप्प होतात. दुकानदारसुद्धा दहा आणि एक म्हणतो.

“मी दहा मोजले,” मी म्हणालो. “शपथेवर सांगतो, सिस्टर. दोनदा मोजले.”

बोटवाला माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर मला घरी रोज मिळते.

“पोराने एक आधीच लांबवला असेल,” तो हळूच म्हणाला. “तरुण माणूस आहे.”

“नाही,” सिस्टर म्हणाली. तिचा मोठा आवाज एकदम लहान झाला होता. तिने झगा घोट्यापर्यंत उचलला.

“मंगळवारी धक्क्यावरच मी खोका उघडला होता. माझे बूट आल्या दिवशीच खाऱ्या पाण्याने फाटले. तीन आठवडे फादरच्या स्लिपरवर चालले. वरचा जोड मापाचा निघाला, घालून टाकला. मोजले कुणी?” तिने पाय पुढे केला. “अकरावा जोड माझ्या पायात आहे.”

५

डिटेक्टिव्हच पुरावा घालून हिंडतोय, हे मला कुठल्याही दिवशी हसायला पुरलं असतं. त्या दिवशी पुरलं नाही.

उजव्या बुटाचा टाका सुटायला आला होता. “कोण शिवेल?” सिस्टरने विचारलं.

“बेटावर जाळी शिवणारा एकच उरलाय,” मी म्हणालो. “माझे बाबा. पण मी बरोबर आलो तर तुमच्याशीही ते बोलणार नाहीत.”

“तू बाजूला राहा. तू नाहीसच असं समजू.”

ती सवय मला होती.

आमचं घर म्हणजे तीन भिंती आणि मदतीची एक ताडपत्री. बाबा दारात बसून जाळं विणत होते. बोट एकही उरली नव्हती, तरी ते रोज जाळं विणायचे. मी चिखलाचे पाय घेऊन तसाच आत गेलो. सहा आठवडे तसाच जात होतो. आई असती तर उंबऱ्यावरच ओरडली असती, “पाय पुसून ये!” आता घरभर माझ्या पायांचे ठसे होते आणि ते कुणाला खुपत नव्हते.

“दादा, एवढा टाका घालून द्याल?” सिस्टरने बूट काढून पुढे केला.

बाबांनी बूट घेतला. उलटा केला. सुटलेला टाका नखाने उचलला आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी अंगठा तोंडात ओला करून शिवणीवर घासला. काळं पॉलिश निघालं. खाली हिरवा दोरा होता, जाळ्याचा.

त्यांनी मांडीवरच्या जाळ्याची एक गाठ बुटावरच्या गाठीशेजारी धरली. जाळी विणणाऱ्या प्रत्येकाची गाठ वेगळी असते. बाबा दोर दोनदा मागून फिरवतात आणि तिसऱ्यांदा उलटा आणतात. असं दुसरं कुणी करत नाही, कारण त्याची काही गरज नसते.

ते वर बघून बोलले. सिस्टरशी नाही, माझ्याशी. सहा आठवड्यांनंतर.

“हा टाका माझा आहे,” ते म्हणाले. “हे तुझ्या आईचे बूट आहेत.”

६

मला आईचा आवाज आठवतो, हात आठवतात, चिडताना कपाळावर पडणारी आठी आठवते. तिचे बूट आठवत नव्हते. पोरं आईच्या पायांकडे कधी बघतात? ते तपकिरी होते, बाबा म्हणाले. तीन दिवस ते माझ्यासमोर हॉलभर हिंडत होते.

“पण आईचे बूट मदतीच्या खोक्यात कसे आले?” मी विचारलं.

सिस्टर तडक मावशीकडे निघाली, एका पायात बूट, एक पाय अनवाणी. मागून मी, आणि माझ्यामागे बाबा.

मावशी गुडघे जाईपर्यंत शेडमध्येच कामाला होती. ती चुलीपुढून न उठता म्हणाली, “बूट ना? शेडच्या खोक्यात ठेवायचो. निळा, झाकणाचा. उघडे ठेवले की मासळीचा वास घरापर्यंत यायचा. नाड्या एकमेकींत बांधायच्या, म्हणजे जोड चुकत नाही. पण तुला कशाला हवंय?”

“बाहेरच्यांना हे माहीत होतं?”

“कसं असणार? मुकादम दाराच्या आत नवऱ्यांनासुद्धा घ्यायचा नाही. स्वच्छता म्हणून.”

सिस्टर भिंतीला टेकली. मग तिने सगळं हळूहळू मांडलं. ते सांगताना तिला आनंद होत नव्हता.

“निळे खोके मदतीतही येतात, म्हणून शेजारच्या चर्चला वाटलं हा मदतीचा. बिचाऱ्यांनी प्रेमाने धुऊन, पॉलिश करून पाठवला. तो मदतीचा नव्हताच. तो तुमच्या शेडचा होता. मुकादमांनी मला स्वतः सांगितलं, त्या दिवशी गमबुटांचे अकराही जोड खुंटीला लागलेले बघून मग त्यांनी कडी घातली. मग बायका काय घालून घरी निघाल्या?”

“आपले बूट,” मी म्हणालो.

“आणि बूट कुठे होते?”

चुलीवर काहीतरी उतू गेलं आणि मावशीने ते जाऊ दिलं.

“खोक्यात,” बाबा म्हणाले. “बांधलेले.”

“अकराही जोड. बूट बांधलेले होते, म्हणजे पायांत गमबूट होते. त्या घरी निघाल्याच नाहीत. दोन वाजता त्यांना कुणी सोडलंच नाही. आज ना उद्या कुणीतरी हा खोका ओळखला असता, किंवा बूट. ते वाटले जाऊ नयेत असं कोणाला वाटेल? आणि खोकाही नाहीसा व्हावा असं?”

मुकादमकाका हॉलमध्येच होते, ताडपत्र्यांच्या घड्या घालत. सिस्टरने आईचे बूट त्यांच्यासमोर ठेवले. हिरवा दोरा वर.

त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. चालत गेले आणि आपणहून दाताच्या खुर्चीत आडवे झाले. तिथून ते छताच्या भोकाशी बोलले.

“सोडणारच होतो. दोन बोटींची मासळी येऊन पडली होती. रेडिओ म्हणाला, वादळ रात्री. म्हटलं तासाभरात उरकेल. मी बायकोला इथे हॉलमध्ये, आसऱ्याला पोचवायला आलो. परत निघालो तर वाट पाण्याखाली. हॉलच्या दारात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, ‘बायकांना सोडलंस ना?’ मी मान हलवली. नुसती मान, सिस्टर. दोन वाजल्याचं नंतर लोकांनीच लावलं. मी फक्त नाही म्हणालो नाही. गमबुटांचंही खोटं. पण वीस वर्षं तेच बघत आलो. बोलताना खरंच वाटलं, लागलेत खुंटीला.”

“कुणी विचारलं होतं?” सिस्टर म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. “ह्याच्या बाबांनी.”

मला वाटलं होतं, आपण त्यांना मारू. पण दाताच्या खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला कसं मारायचं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

बाबा पुढे झाले. त्यांनी विचारलं, “बाकीचे कुठे आहेत?”

“घरी. चारदा समुद्रात टाकायला नेले. समुद्रानेच आणून दिलेत. पुन्हा कुठे टाकू?”

आम्ही गेलो. त्यांच्या घराच्या आतल्या भिंतीशी दहा जोड ओळीने मांडलेले होते, टाचा भिंतीला, नाड्या सोडलेल्या. सुट्टी झाली की पटकन पाय घालता यावेत, तसे. मध्ये एका जोडापुरती जागा रिकामी होती.

७

रविवारी मुकादमकाका चर्चमध्ये उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टरने त्यांना दोन दिवस दिले होते, घराघरांत आधी स्वतः सांगून यायला. त्यांनी नऊ घरांत सांगितलं. दहाव्या घरी दार उघडलं नाही. अकराव्या घरी, म्हणजे आमच्या, सांगायची गरज नव्हती. हवालदार त्यांना मंगळवारच्या बोटीने घेऊन जाणार होता. तोवर ते समोरच्या बाकावर बसून होते आणि त्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. त्यांची बायको मागे, भिंतीशी उभी होती.

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. बकरीवाल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सहा आठवड्यांपूर्वी त्याने ती बकरी स्वतःच्या हाताने मारली होती, आपल्या आईला उशीर केला म्हणून. शाळेतली दोन पोरं एकमेकांना विचारत होती, “म्हणजे आई आपल्याला आणायला नव्हती आली?” त्यांची आजी म्हणाली, “नव्हती, बाळा. तिला यायला मिळालंच नाही.” आणि मग ती अशी रडली, की हे उत्तर आधीच्या उत्तरापेक्षा बरं की वाईट ते मला कळेना. अजूनही नीट कळलेलं नाही.

अकरा घरांतल्या अकरा कारणांपैकी एकही खरं नव्हतं. आणि प्रत्येक कारण म्हणजे घरात उरलेलं कुणीतरी होतं.

फादरनी बूट वेदीपाशी ठेवले. घरोघरचे लोक येऊन आपापले घेऊन गेले. काळ्या पॉलिशखाली ओळखायला वेळ लागत होता. कुणी टाच चाचपत होतं, कुणी आत हात घालून बोटांचा खळगा शोधत होतं. घाई कुणालाच नव्हती.

सिस्टर अनवाणी झाली. साठ जोडांत तिच्या मापाचं एकच काही निघालं: खिळ्यांचे फुटबॉलचे बूट. ती ते घालून आम्हाला दारापर्यंत पोचवायला आली. फरशीवर तिचं पाऊल खाडखाड वाजत होतं. पहिल्यांदाच ती सरकत नव्हती, चालत होती.

“यादीवाल्या,” ती म्हणाली, “बूट अकरा जोड, परत दिले. लिही.”

मी लिहिलं. अक्षर वाईट आलं.

मी आणि बाबा घरी निघालो. आईचे बूट बाबांनी छातीशी धरले होते. वाट खालच्या टोकावरून जाते, चार खांबांच्या समोरून. तिथे बाबा थांबले नाहीत, पण हळू झाले. मला काहीतरी विनोद सुचायला हवा होता, मला नेहमी सुचतो. नाही सुचला.

“दीपगृहाकडे नव्हती गेली,” बाबा म्हणाले.

“नाही.”

“मी उगीच म्हणालो.”

“तुम्ही एकदाच म्हणालात, बाबा. पुढे मीच रोज म्हणत होतो.”

घराशी आलो. उंबऱ्याच्या डाव्या हाताला, भिंतीशी, आईची बूट ठेवायची जागा होती; तिथे आता चिखल होता. बाबांनी तो हाताने बाजूला केला आणि बूट ठेवले. टाचा भिंतीला. हिरवा टाका दिसेल असे. मग ते आत गेले.

मी सवयीने तसाच मागून निघालो, चिखलाचा पाय उंबऱ्यावर.

आतून आवाज आला. आवाज बाबांचा होता, शब्द त्यांचे नव्हते.

“पाय पुसून ये.”

मी थांबलो. पुसायला काही नव्हतं, म्हणून शर्ट काढला. आधी उजवा पाय पुसला, मग डावा, बोटांच्या मधलंसुद्धा. बराच वेळ पुसत राहिलो.